मंदिरातलं भजन, दोन फोन आणि बाहेरचं साउंड कार्ड : प्रकल्प नोंदी

७ जून २०२५, शनिवार : आखणी

६ जुलैला आषाढी एकादशी. त्या संध्याकाळचं सभामंडपातलं भजन लॅपटॉपशिवाय, फोनवरच मुद्रित (रेकॉर्ड) करायचं आणि त्याच वेळी यूट्यूबवर लाइव्ह सोडायचं, एवढं काम आहे. सुमारे तीन तासांचा कार्यक्रम. बुवांचा आवाज, पेटी, पखवाज, वीणा, बारा-चौदा टाळकरी. मंडळाचा सहा चॅनलचा छोटा मिक्सर आहे. त्याला एक ऑक्स सेंड (मुख्य आवाजाहून वेगळं मिश्रण बाहेर काढायची वाट) आहे आणि तो प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीच्या) आधीच सिग्नल घेणारा, करता येतो. पुढे याचा बराच उपयोग होणार आहे.

हाताशी असलेली तीन साउंड कार्डं (बाहेरचा आवाज डिजिटल करून यूएसबीनं फोनला देणारी):

कार्ड क : पेन ड्राइव्हएवढा यूएसबी डोंगल, आत सीएम१०८ जातीची चिप. माइक मोनो, आवाज बाहेर स्टिरिओ, १६ बिट.

कार्ड ख : पीसीएम२९०२ चिपचं लाइन-इन कार्ड. आत-बाहेर आरसीए जॅक, १६ बिट, ४८ किलोहर्ट्झपर्यंत. माइकची सोय नाही, गेनची (आत येणारा सिग्नल कमी-जास्त करायची) कळ नाही.

कार्ड ग : दोन कॉम्बो जॅक (माइकची आणि ६.३५ मिमीची, दोन्ही पिना घेणारे), प्रत्येकाला वेगळा गेन, ४८ व्होल्ट फँटम (कंडेन्सर माइकला लागणारी वीज), २४ बिट. यूएसबी ऑडिओ क्लास २.

फोन १ टाइप-सी, अँड्रॉइड १३. फोन २ मायक्रो यूएसबी, अँड्रॉइड ९.

फोनच्या ३.५ मिमी जॅकमध्ये चार कड्यांच्या पिनेनं लागणारी, रंगीत दिव्यांची ‘लाइव्ह साउंड कार्डं’ बाजारात सगळ्यात जास्त खपतात. ती या कामातून पहिल्याच दिवशी बाद केली. त्यांतून फोनला जातो तो साधा ॲनालॉग माइकचा सिग्नल. तो मोनो असतो, आणि डिजिटल करण्याचं काम फोनचीच चिप करते, म्हणजे हेडसेटच्या बोलण्यासाठी बसवलेली सगळी छाटछूट त्यावर होते. पखवाजाची धुम (डावी, खर्जाची बाजू) त्या छाटणीत पार बसून जाते. गप्पांच्या लाइव्हला ती कार्डं चालतील, भजनाला नाही.

८ जून, रविवार : फोनला कार्ड दिसणं

यूएसबीत एकानं यजमान व्हायचं आणि दुसऱ्यानं पाहुणा. चार्जिंगच्या वेळी फोन पाहुणा असतो. कार्ड जोडायचं तर त्याला यजमान व्हायला सांगावं लागतं, आणि ते वायरच सांगते. मायक्रो यूएसबीच्या ओटीजी (फोनला यजमान करणाऱ्या) वायरीत चौथी पिन, म्हणजे आयडी, ग्राउंडला जोडलेली असते. टाइप-सीमध्ये सीसी पिन ५.१ किलोओहमच्या रेझिस्टरनं ग्राउंडला ओढलेली असते.

आज तपासलेल्या जोडण्या:

फोन १ + सी-ते-ए मादी ओटीजी अडॅप्टर + कार्ड ख : लगेच दिसलं.

फोन १ + सी-ते-बी वायर (प्रिंटरला लागते तशी, पण एक टोक टाइप-सी) + कार्ड ग : चाललं. मध्ये ओटीजी अडॅप्टर लागत नाही, कारण लागणारा रेझिस्टर या वायरीच्या सी टोकातच असतो. एक जोड कमी म्हणजे हलून निखळायची एक जागा कमी. शक्य तिथे हीच वायर घ्यावी.

फोन २ + मायक्रो ओटीजी + कार्ड ख : दिसलं.

फोन १ + सी-ते-सी वायर + उधार आणलेलं चौथं कार्ड : दिवासुद्धा लागला नाही. स्वस्त उपकरणांत टाइप-सीचं भोक असतं, पण आतला ५.१ किलोओहमचा रेझिस्टर बसवलेला नसतो. फोनला पलीकडे कुणी आहे हेच कळत नाही, म्हणून तो वीज सोडत नाही. तेच कार्ड ए-ते-सी वायर आणि ओटीजी अडॅप्टरनं जोडलं आणि सुरू झालं. असं कार्ड दुकानदाराकडे परत करायची घाई करू नये. आधी वायर बदलून पाहावी.

चार्जिंगपुरती असलेली वायर वेगळी काढून तिच्यावर लाल चिकटपट्टी लावली. तिच्यात डेटाच्या तारा नसतात. कार्डाचा दिवा लागतो, आवाज मात्र येत नाही, आणि अर्धा तास सेटिंग चाळण्यात जातो.

काही फोनांत सेटिंगमध्ये ‘ओटीजी कनेक्शन’ असा वेगळा खटका असतो. दहा मिनिटं काही जोडलेलं नसलं की तो आपोआप बंद होतो. कार्यक्रमाआधीच्या यादीत हे पहिलं घातलं.

११ जून, बुधवार : वीज

यूएसबी मीटर मध्ये घालून मोजलं.

कार्ड क : ४० मिलिॲम्पिअरच्या आसपास.
कार्ड ख : ८५.
कार्ड ग, फँटम बंद : ३९०. फँटम चालू, एक कंडेन्सर माइक : ४३०.

फँटमचा वाटा हिशोबानं जुळतो. माइक ३ मिलिॲम्पिअर खेचतो असं धरलं तर ४८ व्होल्टला ०.१४४ वॅट होतात. पाचाचे अठ्ठेचाळीस व्होल्ट करणारं सर्किट ७० टक्के कार्यक्षम मानलं, तर पाच व्होल्टच्या बाजूला साधारण ४१ मिलिॲम्पिअर पडतात.

फोन १ नं कार्ड ग निभावलं. फोन २ वर फँटमचा खटका दाबला की कार्ड क्षणभर विझतं आणि पुन्हा जोडलं जातं. मीटरवर ४.९ व्होल्टवरून ४.५ च्या खाली गटांगळी दिसते. खटका दाबताच कॅपॅसिटर भरायला एकदम जास्त करंट लागतो आणि फोन वीज तोडतो. मुद्रण चालू असताना असं झालं तर फाइल तिथेच संपते. काही ॲप तर गुपचूप फोनच्या माइकवर जातात, ते त्याहून वाईट, कारण घरी जाईपर्यंत कळतच नाही.

उपाय : स्वतःची वीज घेणारा यूएसबी हब, आणि हबला वीज पॉवर बँकेची. कार्ड हबला, हब ओटीजीला. फोन २ वर आता फँटम निमूटपणे लागतो. १०,००० मिलिॲम्पिअर-अवरची बँक म्हणजे ३.७ व्होल्टला ३७ वॅट-अवर. कार्ड ग चा खप जवळपास २.१५ वॅट. रूपांतरातली घट धरूनही दहा-बारा तासांची निश्चिंती. कमी खप असला की काही बँका ‘काही जोडलेलं नाही’ असं समजून बंद पडतात. कार्ड ख एकटंच हबवर होतं तेव्हा एका बँकेनं तेच केलं. कार्ड ग सोबत ही अडचण येत नाही.

हबला वीज असली म्हणजे फोन चार्ज होतो असं नाही. मायक्रो यूएसबीच्या फोन २ मध्ये ते होत नाही, फक्त त्याची बॅटरी कार्डाला जात नाही.

१४ जून, शनिवार : फोनला दिसलं, ॲपनं घेतलं का?

अँड्रॉइड ५.० पासून, म्हणजे २०१४ पासून, यूएसबी ऑडिओ फोनच्या मूळ प्रणालीतच आहे. म्हणून कार्ड लावताच गाणी कार्डातून वाजतात आणि सगळं जमलं असं वाटतं. पण वाजवणं आणि मुद्रण यांचे रस्ते वेगळे आहेत. कुठला माइक घ्यायचा हे ॲपनं मागितलेल्या ‘ऑडिओ सोर्स’वर ठरतं. सोर्स साधा ‘माइक’ असेल तर जोडलेल्या यूएसबी कार्डाला मान मिळतो. सोर्स ‘कॅमकॉर्डर’ असेल तर बऱ्याच फोनांत अंगच्या माइकचा नंबर आधी लागतो आणि कार्ड तसंच पडून राहतं. फोनसोबत आलेल्या कॅमेरा ॲपवर ‘कार्ड चालत नाही’ ही तक्रार बहुधा इथून येते.

खात्रीची चाचणी दहा सेकंदांची आहे. मुद्रण सुरू करायचं. फोनच्या खालच्या कडेला जे बारीक भोक असतं त्यावर नखानं तीनदा घासायचं. मग कार्डाला लावलेल्या माइकच्या जाळीवर तीनदा घासायचं. थांबवून ऐकायचं. पहिली खरखर ठळक आली तर ॲप अजून फोनचाच माइक घेतंय. ॲपच्या पडद्यावर ‘यूएसबी’ असं लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नये, नखावर ठेवावा.

तपासलेली ॲप :

ओपन कॅमेरा : व्हिडिओच्या सेटिंगमध्ये ऑडिओ सोर्स बदलता येतो. ‘बाह्य माइक’ निवडल्यावर फोन १ वर कार्ड ख चा आवाज आला.

लॅरिक्स ब्रॉडकास्टर : स्ट्रीम की (यूट्यूबकडून मिळणारा गुप्त कोड) घालून यूट्यूबला लाइव्ह सोडता येतं, सोर्स निवडता येतो. ‘माइक’ केल्यावर नखाची चाचणी पास.

ऑडिओ इव्होल्यूशन मोबाइल : याचा स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर आहे, वेगळे पैसे भरून मिळतो. अँड्रॉइडच्या रस्त्यानं न जाता कार्डाशी थेट बोलतं, म्हणून २४ बिट आणि दोन्ही चॅनल वेगवेगळ्या ट्रॅकवर मिळतात. फोन २ वर कार्ड ग साठी हेच ठरलं. सुरू करताना ‘या उपकरणाला परवानगी द्यायची का’ असं विचारतं. तिथे ‘नेहमी’वर खूण केली नाही तर प्रत्येक जोडणीला तोच प्रश्न येतो.

१५ जून, रविवार : डोंगल बाद

कार्ड क चा माइक गाण्यात श्वास घेतो. गजर वाढला की आवाज दबतो, थांबला की पंख्याची घरघर वर येते. या चिपेत स्वयंचलित गेन आहे. लिनक्सच्या लॅपटॉपवर तो बंद करण्याचा खटका दिसतो, फोनच्या सेटिंगमध्ये असं काही नसतं. डोंगल फक्त हेडफोनवर ऐकायला ठेवला.

२१ जून, शनिवार : माइक कुठे, आणि मिक्सरमधून काय काढायचं

पहिली तालीम. मिक्सरच्या टेप आउटमधून (स्पीकरला जाणारंच मिश्रण मुद्रणासाठी बाहेर काढणारं भोक) कार्ड ख वर मुद्रण केलं आणि ऐकलं तर बुवा आणि पेटी स्वच्छ, पखवाज बरा, टाळ जवळजवळ गायब. सगळं भजन रिकाम्या खोलीत चालल्यासारखं वाटतं. कारण सरळ आहे. सभामंडपात टाळांना माइक लागतच नाही, ते मुळातच सगळ्यांवर चढतात. स्पीकरसाठी केलेलं मिश्रण हे सभामंडपात जे कमी ऐकू येतं त्याची भरपाई असते. ते जसंच्या तसं ऐकणाऱ्याच्या कानात घातलं तर अर्धं भजन बाहेरच राहतं.

म्हणून मिक्सरला पाचवा माइक, एक कंडेन्सर. टाळकऱ्यांच्या रांगेसमोर तीन मीटरवर, दोन मीटर उंचीवर, तोंड किंचित खाली. त्याचा फेडर शून्यावर ठेवायचा, म्हणजे तो स्पीकरला जात नाही आणि शिट्टीही मारत नाही. ऑक्स सेंड प्री-फेडर ठेवून त्याची कळ मात्र उघडायची. ऑक्स आउटमध्ये आता लाइव्हसाठी स्वतंत्र मिश्रण तयार होतं. स्पीकरवाल्यानं मध्येच फेडर खालीवर केला तरी लाइव्हचा तोल ढळत नाही.

ऑक्स आउट मोनो आहे. ६.३५ मिमीच्या मोनो पिनेतून दोन आरसीए निघणारी वायर घेतली, म्हणजे कार्ड ख च्या डाव्या-उजव्या दोन्हींत तोच आवाज जातो. हे न करता एकाच भोकात पिन घातली असती, तर हेडफोन लावणाऱ्याला फक्त डाव्या कानात भजन ऐकू आलं असतं.

पातळी : मिक्सरची व्यावसायिक पातळी अधिक ४ डीबीयू, म्हणजे १.२३ व्होल्ट, शिखर ते शिखर जवळपास साडेतीन. कार्ड ख ची चिप सुमारे दोन व्होल्ट शिखर-ते-शिखरला भरते. त्यामुळे ऑक्स मास्टर नेहमीच्या खुणेवर ठेवला की गजरात आवाज फाटतो, आणि कार्डाला गेनची कळ नसल्यानं फोनवरून काहीच करता येत नाही. फोनमध्ये आवाज कमी करून उपयोग नाही. जे फाटायचं ते आधीच फाटलेलं असतं, तुम्ही फक्त फाटलेला आवाज हळू करता. ऑक्स मास्टर घड्याळाच्या दहाच्या खुणेवर आणला. सगळ्यात मोठ्या गजरात शिखर उणे १० ते उणे १२ डीबीवर थांबलं. तिथे चिकटपट्टीनं खूण केली.

१६ बिट पुरतात का, हा प्रश्न निघाला. १६ बिटांचा पल्ला ९६ डीबी. चार पंखे फिरत असलेल्या सभामंडपाचा स्वतःचा गोंगाट त्या पल्ल्याच्या तळापेक्षा कितीतरी वर असतो. लाइव्हला भरपूर झाले.

पखवाजाला एकच डायनॅमिक माइक, समोरून तीस सेंटिमीटरवर, जरा धुमेकडे कललेला. त्या चॅनलचा लो-कट (खालचे सूर कापणारा खटका) बंद ठेवायचा, गळ्याच्या माइकचा चालू. माइक धुमेच्या अगदी तोंडाशी नेला तर थापेचा वारा जाळीवर आपटतो. धुमेवर लावलेली कणीक ओली असताना पातळी लावली आणि ती वाळत गेली की सगळं गणित सरकतं, तेव्हा पातळी पखवाज लावून झाल्यावरच धरावी.

२२ जून, रविवार : दुसरी साखळी

लाइव्हसाठी फोन १ + कार्ड ख, ही पहिली. मुद्रणासाठी फोन २ + कार्ड ग. भोक १ मध्ये मिक्सरचा टेप आउट (आरसीए ते ६.३५ मिमी मोनो, फक्त डावा), लाइन पातळीवर. भोक २ मध्ये दुसरा कंडेन्सर, वीणेकऱ्याच्या बाजूला, बुवांपासून चार मीटरवर. दोन ट्रॅक वेगळे राहतील, तोल नंतर घरी.

मंडळाच्या ॲम्प्लिफायरमागे स्पीकरचे खिळे आहेत, त्यांवर १०० व्होल्ट, ७० व्होल्ट असं लिहिलेलं. कार्डाला आवाज तिथून घ्यायचा नाही. कार्ड जळेल आणि पाठोपाठ फोनही. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ॲम्प्लिफायरला चिकटवलं.

२५ जून, बुधवार : घूंऽऽ

फोन १ चार्जरला लावला की लाइव्हच्या आवाजात घूं येते. काढला की जाते. मिक्सर मेनवर, फोन मेनवर, मध्ये कार्ड ख ची वायर. दोन्ही टोकांना मेन आल्यानं ग्राउंडचा फेरा पूर्ण होतो, आणि दोन पिनांच्या चार्जरमधून झिरपणारा अगदी थोडा करंट आवाजाच्या वायरीच्या जाळीतून वाहतो. ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटी.

करून पाहिलं ते : चार्जर बदलला, घूंचा सूर बदलला पण ती राहिली. एकाच बोर्डावर दोन्ही लावले, थोडी कमी. पॉवर बँक लावली, शून्य. १:१ चा आरसीए आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मध्ये घातला तेव्हा चार्जर असतानाही गेली, पण या स्वस्त ट्रान्सफॉर्मरनं पखवाजाचा खालचा आवाज पातळ केला. पॉवर बँकच ठरली. मिक्सरच्या पिनेचा अर्थ (अर्थिंग) तोडून घूं घालवायचा सल्ला मंडपवाल्याकडून मिळाला. तो घ्यायचा नाही. पावसाळ्यात ओल्या फरशीवर माइक हातात धरून उभ्या असलेल्या माणसाचा तो अर्थ आहे.

२८ जून, शनिवार : लाइव्हची तालीम

चॅनलवर लाइव्ह आठवडाभर आधीच सुरू करून घेतलं होतं, पहिल्यांदा त्याला २४ तासांपर्यंत लागू शकतात. यूट्यूबच्या मोबाइल ॲपमधून थेट सोडायचं तर चॅनलला किमान ५० सबस्क्रायबर हवेत. स्ट्रीम की वापरली की ती अट आड येत नाही. आवाज १२८ केबीपीएस, स्टिरिओ.

फोन १ मधलं सिमच काढलं. इंटरनेट तिसऱ्या फोनच्या हॉटस्पॉटवरून. लाइव्ह चालू असताना कॉल आला तर आवाजाचा रस्ता कॉलकडे वळतो आणि परत येईलच याची हमी नाही. दुसरंही एक आहे. कार्ड जोडलेलं असताना फोनचे सगळे आवाज कार्डाच्या आउटमधून जातात. त्या आउटची वायर मिक्सरला लावून ठेवली असेल तर व्हॉट्सॲपची टुंग सभामंडपभर वाजते. कार्ड ख च्या आउटला काहीही लावायचं नाही.

फोन १ ला चार्जिंगसह चालवायला पीडी (पॉवर डिलिव्हरी) हब. यात फोन डेटासाठी यजमान राहतो आणि वीज मात्र हबकडून घेतो. फोनला ही अदलाबदल जमावी लागते, याला जमते. पण वीज मागाहून लावली किंवा मध्येच काढली की हब स्वतःला झटकतो आणि कार्ड एक-दोन सेकंद गायब होतं. क्रम पक्का : आधी बँक हबला, मग हब फोनला, मग कार्ड हबला, ॲप सगळ्यात शेवटी.

२९ जून, रविवार : टिकटिक

कालच्या मुद्रणात फोन २ वर तीन-चार मिनिटांनी एक बारीक ‘टक्’. टाळात लपतो, पण वीणेच्या एकट्या सुरात कानाला टोचतो.

यूएसबीवरून आवाज ज्या पद्धतीनं जातो तीत चुकलेलं पॅकेट पुन्हा पाठवलं जात नाही. फाइल कॉपी करताना चूक झाली तर पुन्हा मागता येते, इथे वेळ निघून गेलेली असते. म्हणून पेन ड्राइव्हला चालणारी ढिली पिन कार्डाला चालत नाही. एकेक गोष्ट बदलून पाहिली : बॅटरी सेव्हर बंद केला, टक् कमी झाले. बफर (आवाज क्षणभर साठवायची जागा) २५६ वरून १०२४ फ्रेम केला, आणखी कमी. ४८ किलोहर्ट्झला २५६ फ्रेम म्हणजे ५.३ मिलिसेकंद, १०२४ म्हणजे २१.३. मुद्रणाला हा उशीर नडत नाही, ज्याला स्वतःला ऐकायचं त्यानं कार्डावरचं डायरेक्ट मॉनिटर (फोनमधून न जाता थेट ऐकवणारी सोय) वापरावं. उरलेले टक् ओटीजी वायर बोटानं हलवली की हमखास येत होते. वायर बदलली. चाळीस मिनिटांत एकही नाही. मायक्रो यूएसबीचं तोंड वापरून सैल होतं, त्यामुळे वायर फोनच्या पाठीला रबरबँडनं बांधून ठेवायची. दिसायला गावठी, पण काम चोख.

त्याच ॲपला बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून वगळलं. नाहीतर पडदा विझल्यावर फोन त्याला झोपवतो.

५ जुलै, शनिवार : जागेवर मांडणी

जागेची सोय : फोन २ मध्ये ६ जीबी मोकळे केले. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, दोन चॅनल म्हणजे मिनिटाला १७.२८ एमबी, तासाला १.०४ जीबी. वेव्ह फाइलला ४ जीबीची मर्यादा असते, ती चार तासांच्या थोडं पुढे येते. मध्यंतरात एकदा थांबवून नवी फाइल करायची.

मुख्य स्पीकर टाळांच्या माइकपासून बारा मीटरवर आलाय. आवाजाला मीटरमागे सुमारे तीन मिलिसेकंद लागतात, म्हणजे बुवांचा आवाज त्या माइकवर दुसऱ्यांदा ३५ मिलिसेकंदांनी येणार, गुहेत गायल्यासारखा. माइकची पाठ स्पीकरकडे केली. कार्डिऑइड आहे, पाठीमागचं कमी उचलतो.

६ जुलै, रविवार : आषाढी एकादशी

६.१० : दोन्ही साखळ्यांवर नखाची चाचणी. पास.
६.२५ : पखवाज लावून झाला, पातळी धरली. शिखर उणे ११.
६.४० : लाइव्ह सुरू. मुद्रण सुरू. टाळाचा एक मोठा ठोका, कॅमेऱ्यासमोर, नंतर चित्र आणि आवाज जुळवण्यासाठी.
७.०५ : फोन १ गरम. मागचं कव्हर काढलं, पंख्याच्या वाऱ्यात सरकवला.
७.५० : मध्यंतर. फोन २ वर नवी फाइल. पुन्हा एक ठोका.
८.१८ : वीज गेली. मिक्सर बंद, स्पीकर बंद. लाइव्हचं चित्र चालू, आवाज शून्य. फोन २ आणि कार्ड ग बँकेवर, त्यामुळे भोक २ चा माइक फँटमसकट चालूच. भजन थांबलं नाही.
८.२३ : वीज आली. मिक्सर सुरू करण्याआधी ऑक्स मास्टर खाली घेतला, नाहीतर सुरू होतानाचा धडाका सरळ लाइव्हवर गेला असता. मग खुणेवर परत.
९.३२ : समाप्त. शेवटचा ठोका. आधी ॲप थांबवलं, फाइल जपली गेल्याचं पाहिलं, मग वायरी काढल्या.

८ जुलै, मंगळवार : जुळवणी

दोन फाइल मिळून सुमारे १७० मिनिटं, २.९४ जीबी. फाटलेलं कुठेही नाही.

भोक २ चा माइक बुवांपासून चार मीटर होता, म्हणजे त्याचा ट्रॅक मिक्सरच्या ट्रॅकमागे ११.६ मिलिसेकंद. ४८ किलोहर्ट्झला ५५७ सॅम्पल. तेवढा पुढे ओढल्यावर बुवांचा आवाज एकदम जवळ आला आणि शब्दांची कड परत मिळाली. मिश्रण : मिक्सरचा ट्रॅक मध्यात, दुसरा त्याच्या ६ डीबी खाली. दोन्ही मध्यातच ठेवले, कारण ऐकणारे बहुतेक फोनच्या एका स्पीकरवर ऐकणार.

चित्र फोन १ चं, आवाज फोन २ चा. दोघांची घड्याळं स्वतंत्र. मध्यंतरानंतरच्या फाइलमध्ये पहिला ठोका जुळवला तर शंभर मिनिटांनंतरचा शेवटचा ठोका ०.२ सेकंद सरकलेला होता, म्हणजे पंचवीस फ्रेमच्या चित्रात पाच फ्रेम. आवाज तेवढा ताणून बसवला. शेवटचा ठोका घेतला नसता तर किती ताणायचं हे ओठांच्या हालचालींवरून शोधत बसावं लागलं असतं.

वीज गेली त्या पाच मिनिटांत मिक्सरचा ट्रॅक सपाट आहे, फक्त भोक २ आहे. स्पीकर नाही, पंखे नाहीत. त्या भागाला काहीच करावं लागलं नाही. पातळी ४ डीबी वाढवली आणि तसाच ठेवला. तीन तासांतला तो सगळ्यात चांगला आवाज आहे.

१२ जुलै, शनिवार : पुढच्या वेळेसाठी

मिक्सर छोट्या इन्व्हर्टरवर घ्यायचा. मायक्रो ओटीजी वायरी दोन, सी-ते-बी एक, जादा. ऑक्स मास्टरची चिकटपट्टी निघून आलीये, तिथे आता मार्करनं रेघ. काकड्यासाठी कार्ड ग दोन्ही भोकांत कंडेन्सर लावून, मिक्सरशिवाय चालवून पाहायचं. बँक आदल्या रात्री भरलेली हवी, काकडा पहाटे असतो.